लमेत्र यांच्या आड गॅलिलिओ लपत नाही

धर्मग्रामातील एखाद्या तरुणाने गॅलिलिओविषयी विचारले की पुष्कळजण तत्परतेने सांगतात, “अरे, १९२७ साली विश्वाच्या प्रसरणाचा सिद्धांत मांडणारे जॉर्ज लमेत्र कॅथलिक धर्मगुरूच होते!” हे खरे आहे; पण ते त्या प्रश्नाचे उत्तर नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

१६१० साली गॅलिलिओला गुरूभोवती फिरणारे चार चंद्र दिसले. रोममधील येशूसंघीय ज्योतिर्विदांनी पुढच्याच वर्षी त्यांना दुजोरा दिला. तरीही १६३३ साली धर्मन्यायालयापुढे त्याला पृथ्वी फिरते हे मत नाकारावे लागले आणि उरलेले आयुष्य नजरकैदेत काढावे लागले. त्या काळच्या ईशज्ञानपंडितांची चूक पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली उघडपणे मान्य केली. मग आपणच ती का झाकावी?

शिवाय लमेत्र यांना ढाल करणे त्यांनाच मानवले नसते. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी नव्या विश्वशास्त्रात निर्मितीची साक्ष पाहिली, तेव्हा ते लमेत्र यांना रुचले नाही. आपला सिद्धांत धार्मिक प्रश्नापासून अलिप्त आहे, अशी त्यांची भूमिका होती.

आज सूर्यमालेबाहेरचे पाच हजारांहून अधिक ग्रह ज्ञात आहेत. तरुणांचे प्रश्न वाढणारच. पवित्र शास्त्र तारणाचा मार्ग दाखवते, ग्रहांच्या कक्षा नव्हे, हे त्यांना निःसंकोच सांगावे. मात्र आधी १६३३ सांगावे, मग लमेत्र. सत्य लपवून राखलेली श्रद्धा पहिल्याच दुर्बिणीपुढे डळमळते.