मुलाचा आजार, मुलीचा दोष!

आपल्या हॉलंडवासी कुटुंबांतून एक विचित्र न्याय रूढ होऊ लागला आहे. मुलगा रात्री दोनपर्यंत संगणकावर खेळत बसला, तर आई हळहळते, "बिचाऱ्याला नाद लागला!" मुलगी तितकाच वेळ मोबाईल घेऊन जागली, तर बाप गरजतो, "कोणाशी बोलत होतीस?" एकासाठी उपचाराची भाषा, दुसरीसाठी पाळतीची. प्रस्तुत लेखकाच्या घरीही हेच घडले, हे कबूल केले पाहिजे.

डॉ. किंबर्ली यंग ह्या अमेरिकन विदुषीने १९९६ साली इंटरनेटच्या व्यसनाची जी हकीकत प्रसिद्ध केली, तिचा विषय कोणी संगणकवेडा तरुण नव्हता. ती त्रेचाळीस वर्षांची गृहिणी होती. तरीही २००६ साली ॲम्स्टरडॅममध्ये उपचारकेंद्र निघाले ते संगणकीय खेळांच्या व्यसनासाठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या, १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणातही खेळांच्या विकाराला स्वतंत्र नाव मिळाले, समाजमाध्यमांच्या विकाराला नाही. मुलग्यांच्या दुखण्याचे बारसे झाले. मुलींचे दुखणे बिननावाचेच राहिले!

वास्तविक ह्याच संघटनेच्या युरोप विभागाने २०२४ साली प्रसिद्ध केलेले आकडे बोलके आहेत. २०२२ च्या पाहणीत ११, १३ व १५ वर्षांच्या मुलांपैकी समाजमाध्यमांचा समस्यात्मक वापर मुलींत १३ टक्के, तर मुलग्यांत ९ टक्के आढळला. खेळांच्या बाबतीत धोक्याच्या कक्षेत मुलगे १६ टक्के, मुली ७ टक्के. तेव्हाची पंधरा वर्षांची मुले आज सज्ञान झाली आहेत आणि आपल्याच घरांत राहत आहेत. दोघांनीही आपापल्या दाराने त्याच खोलीत प्रवेश केला आहे. मग एकालाच डॉक्टर आणि दुसरीला दटावणी का?

युट्रेख्ट विद्यापीठाच्या रेजिना व्हान डेन आयंडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली समाजमाध्यमांच्या विकारासाठी नऊ प्रश्नांची मापनपद्धती तयार केली. छंद सुटले काय, घरच्यांशी खोटे बोलावे लागले काय, दुःख विसरण्यासाठी तिकडे वळता काय, असे ते प्रश्न आहेत. "कोणाशी बोलत होतीस?" हा प्रश्न त्यांत नाही! आणि मुलीने दुःख विसरण्यासाठी मोबाईल धरला असेल, तर ते दुःख कोणते, हे विचारण्याचे धैर्य आपल्यात आहे काय?

डच शासनाने २०२४ पासून माध्यमिक शाळांच्या वर्गांतून मोबाईल दूर केले. घरातला नियम आपणच करावयाचा आहे. रात्री राऊटर बंद करावयाचाच असेल, तर तो मुलगा आणि मुलगी दोघांसाठी एकाच वेळी बंद व्हावा. बापाचा मोबाईलही त्याच टोपलीत पडावा.