फांशीची वेळ आणि छपाईची वेळ

विनोदी बोलपटांत फांसावर चढावयाचा मनुष्य असावा काय, या प्रश्नावर गेल्या महिन्यांत आमच्या पौडच्या आळींत बराच वाद झाला. निमित्त होतें ‘हिज गर्ल फ्रायडे’ या अमेरिकन बोलपटाचें. हॉवर्ड हॉक्स यांचा हा बोलपट १९४० सालचा. त्याच्या मालकी-हक्काचें नूतनीकरण झालें नाहीं, त्यामुळें तो आज विनामूल्य पाहावयास मिळतो. आमच्याकडे चार-पांच घरांतून तो पाहिला गेला, आणि घरागणिक मत निराळें पडलें.

वॉल्टर बर्न्स हा एका दैनिकाचा धूर्त संपादक. हिल्डी जॉन्सन ही त्याची घटस्फोटित पत्नी आणि त्याच्या पत्राची सर्वांत तल्लख बातमीदार. ती हा व्यवसाय सोडून आल्बनीच्या एका साध्याभोळ्या विमेवाल्याशीं विवाह करण्यास निघाली आहे, आणि तिला अडकवून ठेवण्यासाठीं बर्न्स नाना कारस्थानें रचतो. दुसऱ्या दिवशीं सकाळीं अर्ल विल्यम्स नांवाच्या एका भांबावलेल्या इसमास फांशी द्यावयाची असते. निवडणूक तोंडावर आल्यामुळें महापौरास ती फांशी हवी आहे. गव्हर्नरचें तहकुबीपत्र घेऊन आलेल्या दूतास तो नोकरीचें आमिष दाखवून परत धाडूं पाहतो.

आमच्या सूनबाईंस हिल्डी फार आवडली. बेन हेक्ट आणि चार्ल्स मॅकआर्थर या शिकागोच्या दोन माजी बातमीदारांनीं लिहिलेल्या १९२८ च्या मूळ नाटकांत हिल्डी पुरुष होता. हॉक्स यांनीं ती स्त्री केली. सूनबाईंचें म्हणणें असें कीं, संसार कीं लेखणी हा पेंच हिल्डीपुढें टाकणारे दोघेही पुरुषच आहेत; पण वृत्तांत लिहितांना ती जितकी सुखी दिसते तितकी त्या दोघांपैकीं कोणाच्याही सहवासांत दिसत नाहीं. हें निरीक्षण मला मार्मिक वाटलें. शेजारचे निवृत्त मामलेदार मात्र पाऊण तासांत उठले. एकाचें वाक्य पुरें होण्यापूर्वींच दुसरा बोलूं लागतो, ही त्यांची तक्रार. (ग्रामसभेंत वर्षानुवर्षें बसलेल्या गृहस्थानें ही तक्रार करावी, याची मौज वाटली.)

खरा आक्षेप आमच्या अक्कांचा. विल्यम्सविषयीं कळवळा असणाऱ्या मॉली नांवाच्या स्त्रीची बातमीदार चेष्टा करतात. पुढें त्याच्या लपण्याच्या जागेवरून त्यांचें लक्ष उडावें म्हणून ती खिडकींतून खालीं उडी टाकते. आणि थोड्याच वेळांत विनोद पुन्हां सुरू! अक्का म्हणाल्या, “यांत हसायचें काय?” ज्या तालुक्यांतील शेतकरी १९२१ च्या मुळशी सत्याग्रहांत स्वतःच बातमी झाले आणि ज्यांच्या जमिनी पुढें धरणाच्या पाण्याखालीं गेल्या, तेथें हा प्रश्न पोकळ नव्हे.

साहित्यदर्पणकारांनीं करुण आणि भयानक हे हास्याचे विरोधी रस म्हणून सांगितले आहेत. तरी शूद्रकानें मृच्छकटिकाच्या दहाव्या अंकांत चारुदत्तास वधस्तंभाकडे नेणाऱ्या दोघां चांडाळांच्या तोंडीं विनोद घातलाच आहे. आज वध करण्याची पाळी कोणाची, यावर ते घोळ घालतात. त्यांतला एक सांगतो कीं, वडिलांनीं मरतांना बजावलें आहे, वध करतांना घाई करूं नकोस. कोणी सज्जन द्रव्य देऊन सोडवील, राजास पुत्र होईल, कदाचित् राज्यच पालटेल. या घोळांत वेळ जातो, आणि तेवढ्यांत वसंतसेना येऊन पोंचते. बोलपटांत एक बातमीदार शेरीफास विचारतो, फांशी सातऐवजीं पांच वाजतां कां देत नाहीं? म्हणजे शहर-आवृत्तींत बातमी घेतां येईल! चांडाळाचा विनोद मनुष्याच्या आयुष्यांत दोन घटका घालतो, बातमीदाराचा विनोद दोन तास कापूं पाहतो. अक्कांस हसूं आलें नाहीं तें याच जागीं, आणि लेखकांनीं नेम धरला आहे तोही याच जागीं, असें मला वाटतें.

मराठींत बातमीदाराचें चित्र म्हटलें कीं ‘सिंहासन’ आठवतो. अरुण साधू यांच्या कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनीं पटकथा लिहिली आणि जब्बार पटेल यांनीं तो १९७९ सालीं दिग्दर्शित केला. त्यांतील दिगू टिपणीस, म्हणजे निळू फुले, सत्तेचा खेळ जवळून पाहतो आणि अखेरीस वेड्यासारखा हसत सुटतो. मामलेदारांच्या मतें खरा बातमीदार तो. पण दिगू वेडा होतो तेव्हां आपणांस दिलासा मिळतो कीं, निदान एकाचा तरी विवेक जागा आहे. अमेरिकन बातमीदार तेवढाही दिलासा देत नाहींत. ते पुन्हां दूरध्वनि उचलतात. म्हणून हंसवणारा बोलपटच दोहोंत अधिक कठोर, असें मी म्हटलें. तें कोणास पटलें नाहीं.

शेवटीं बर्न्स आणि हिल्डी पुन्हां लग्न करावयाचें ठरवितात; मधुचंद्रास निघतात तों आल्बनीस संप झाल्याची वार्ता येते, आणि वाट तिकडेच वळते. तो पुढें, ती मागें, बॅग तिच्याच हातांत. सूनबाई म्हणाल्या, “ती बॅग पाहिलींत ना, मामंजी?”