विश्लेषण : मिनीव्हॅनमागे कॅम्पर जोडताय? ३,५०० पाउंडांच्या आकड्यावर विसंबू नका!

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की न्यू जर्सीपासून बे एरियापर्यंतच्या अनेक मराठी घरांत एकच बेत शिजू लागतो. पुण्या-नाशिकहून आजी-आजोबा आलेले असतात, मुलांची शाळा बंद झालेली असते आणि दारात सात-आठ आसनांची मिनीव्हॅन उभी असते. सहा माणसांना हॉटेलच्या दोन खोल्या आणि दोन वेळचे बाहेरचे जेवण म्हणजे खिशाला मोठी कात्री. त्यापेक्षा गाडीमागे एखादा छोटा कॅम्पर, म्हणजे चाकांवरची झोपायची खोली जोडली तर? यलोस्टोन, ग्रँड कॅनियन, स्मोकी माउंटन्स, सगळे आवाक्यात येते.

मग विक्रेत्याकडे फेरी होते. तो सांगतो, ‘तुमची गाडी ३,५०० पाउंड ओढते, हा कॅम्पर २,९०० पाउंडांचाच आहे. बिनधास्त घ्या.’ यातले दोन्ही आकडे खरे असतात. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र बहुतेक वेळा चुकीचा असतो, आणि ही चूक कळते ती डोंगरउतारावर, पूर्ण भरलेल्या गाडीत.

३,५०० चा आकडा नेमका काय सांगतो?

टोयोटा सिएना, होंडा ओडिसी आणि किया कार्निव्हल या मिनीव्हॅनची ओढण्याची कमाल क्षमता ३,५०० पाउंड, म्हणजे सुमारे १,५९० किलो सांगितली जाते. क्रायस्लर पॅसिफिकाच्या पेट्रोल आवृत्तीला टोइंग पॅकेज असेल तर ३,६०० पाउंड. त्याच पॅसिफिकाच्या प्लग-इन हायब्रिडला मात्र कंपनीने ट्रेलर ओढण्याची परवानगीच दिलेली नाही. जुनी गाडी घेताना अनेकांच्या नजरेतून हा फरक सुटतो, कारण बाहेरून दोन्ही गाड्या जवळपास सारख्याच दिसतात.

अमेरिकेत ही क्षमता मोजण्यासाठी एसएई संस्थेचे एक मानक आहे. त्यात गाडीत दोन माणसे धरतात, प्रत्येकी १५० पाउंडांची. मागच्या रांगेतले आजोबा, मुलांच्या सायकली, बर्फाची पेटी, कुकर आणि तांदळाची पिशवी त्या हिशेबात नसते. काही कंपन्यांच्या मालक-पुस्तिकेत तर स्वतंत्र तक्ताच असतो : प्रवासी वाढला की ओढण्याची मर्यादा खाली. ही पुस्तिका बहुतेकांच्या ग्लव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीतच पडून असते.

टंग वेट म्हणजे काय आणि ते इतके महत्त्वाचे का?

ट्रेलरचे सगळे वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर नसते. पुढच्या दांड्यातून त्याचा काही भाग गाडीच्या हिचवर दाबला जातो. हे टंग वेट. ते ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावे, असा अमेरिकेतला प्रचलित नियम आहे.

बैलगाडी भरणाऱ्या शेतकऱ्याला हे शिकवावे लागत नाही. मागे माल जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते. कॅम्परचेही तसेच. फरक इतकाच की इथे वेग ताशी १०० किलोमीटरचा असतो. पुढे पुरेसा दाब नसेल तर ट्रेलर आधी किंचित डोलतो, मग शेपटीसारखा डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो. बाजूने मोठा ट्रक गेला किंवा उतारावर वेग वाढला की झोके वाढतात आणि शेवटी ट्रेलरच गाडीला वळवतो. अशा वेळी घाबरून ब्रेक दाबणे सगळ्यांत वाईट. अॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ ठेवायचे आणि ट्रेलरचे ब्रेक हाताने लावण्याची सोय असेल तर तेवढेच लावायचे.

आता हिशेब पाहा. मिनीव्हॅनची टंग वेटची मर्यादा साधारण ३५० पाउंड असते. म्हणजे ३,५०० च्या बरोबर १० टक्के, सुरक्षित पट्ट्याची अगदी खालची कड. स्थिर चालीसाठी १२ ते १३ टक्के हवे असतील, तर ३५० पाउंडांच्या मर्यादेत भरलेल्या ट्रेलरचे वजन २,७०० ते २,९०० पाउंडांपर्यंतच बसते. जाहिरातीतले ३,५०० इथेच सहाशे-आठशे पाउंडांनी घटले.

यावर एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. युरोपात तर छोट्या गाड्याही मोठाले कॅराव्हॅन ओढतात, अमेरिकी कंपन्या उगाच घाबरतात! युरोपात टंग वेट कमी ठेवतात हे खरे. पण तिथल्या कॅराव्हॅनची रचना वेगळी आहे आणि जर्मनीत ट्रेलर जोडलेल्या कारला सर्वसाधारण वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे. टेक्सासच्या महामार्गावर ताशी ७५ मैलांनी निघालेल्याने युरोपचा दाखला देण्यात अर्थ नाही.

दाराच्या खांबावरचे स्टिकर काय सांगते?

चालकाचे दार उघडल्यावर खांबावर पिवळ्या पट्ट्याचे एक स्टिकर दिसते. माणसे आणि सामान यांचे एकत्रित वजन अमुक पाउंडांपेक्षा जास्त नसावे, असे त्यावर लिहिलेले असते. कॅम्पर निवडताना पहिल्यांदा पाहायचा आकडा हा. तो प्रत्येक गाडीचा वेगळा असतो. सनरूफ, मोठी चाके, मागचा टीव्ही अशा सोयींनी तो कमी होतो. त्यामुळे महागड्या आवृत्तीची भार उचलण्याची क्षमता साध्या आवृत्तीपेक्षा कमी असू शकते.

समजा स्टिकरवर १,२५० पाउंड लिहिले आहेत. आई-वडील, आजी-आजोबा आणि दोन मुले मिळून ७५५ पाउंड झाले. गाडीतल्या बॅगा आणि खाणेपिणे १५० धरू. हिच आणि त्याचा सरंजाम ४५. उरले ३००. टंग वेटही गाडीचाच भार असल्याने तेही यातच बसले पाहिजे. १२ टक्क्यांच्या हिशेबाने ३०० पाउंड टंग वेट म्हणजे २,५०० पाउंडांचा ट्रेलर, तोही पूर्ण भरलेला. आजी-आजोबा नसतील तर हीच गाडी २,९०० पर्यंत जाऊ शकते. कुटुंब बदलले की गाडीची क्षमता बदलते, हे कोणत्याच माहितीपत्रकात ठळक छापत नाहीत.

मागच्या चाकांवर तर याहून जास्त भार येतो. हिच मागच्या अॅक्सलच्या साधारण चार फूट मागे असतो आणि दोन अॅक्सलमधले अंतर दहा फुटांच्या आसपास. तरफेच्या नियमाने हिचवरचे ३५० पाउंड मागच्या अॅक्सलवर सुमारे ४९० पाउंड होऊन बसतात आणि पुढच्या चाकांवरचे सुमारे १४० पाउंड उचलले जातात. बहुतेक मिनीव्हॅन पुढच्या चाकांनी चालतात, वळतात आणि बराचसा ब्रेकही तीच चाके लावतात. ओल्या गवतावरच्या कॅम्पसाइटमधून निघताना पुढची चाके जागच्या जागी फिरतात ती यामुळेच. तिसऱ्या रांगेमागे पाण्याचे क्रेट रचणाऱ्यांनी हे गणित एकदा करून पाहावे.

‘ड्राय वेट’मध्ये काय नसते?

माहितीपत्रकातले ड्राय वेट म्हणजे रिकाम्या कॅम्परचे वजन. पाणी त्यात नाही : एक गॅलन पाणी ८.३४ पाउंडांचे, म्हणजे २० गॅलनची टाकी भरली की १६७ पाउंड. प्रोपेनचा नेहमीचा छोटा सिलिंडर भरलेला असताना सुमारे ३७, बॅटरी ५० च्या आसपास. अनेकदा एसी आणि बाहेरचे छतही वेगळे बसवलेले असते. मग गाद्या, पांघरुणे, भांडी, खुर्च्या. कुटुंबाच्या सामानासह ५०० ते ७०० पाउंड सहज वाढतात. म्हणजे सहा जणांच्या वरच्या उदाहरणात ड्राय वेट १,९०० च्या आतले शोधायला हवे, चौघांसाठी २,२०० च्या आतले. विक्रेत्याचा ‘२,९०० चाच’ कॅम्पर दोन्ही यादींतून बाद.

मग घ्यायचा तरी कोणता?

मिनीव्हॅनवाल्या कुटुंबासाठी सगळ्यांत समंजस पर्याय अजूनही घडीचा पॉप-अप आहे, जरी शोरूममध्ये तो सगळ्यांत गरीब दिसतो. प्रवासात तो घडी होऊन गाडीच्या आडोशाला राहतो, त्यामुळे हवेचा अडथळा कमी. दोन्ही बाजूंनी ओढलेल्या बिछान्यांवर पाच-सहा जण झोपू शकतात. घडी केलेला पॉप-अप अनेक घरांच्या गॅरेजमध्ये मावतो, हीसुद्धा मोठी सोय, कारण बऱ्याच वसाहतींत घरमालक संघटना ड्राइव्हवेवर ट्रेलर उभा करू देत नाहीत.

त्याचे तोटेही आहेत. पावसात भिजलेले कापड वाळवल्याशिवाय घडी केले तर बुरशी धरते. बाहेर भांडण झाले तर आत सगळे ऐकू येते. स्वच्छतागृह अनेकांत नसते किंवा पडद्याआड असते. आणि अस्वलांच्या प्रदेशात कापडी भिंती चालतीलच असे नाही : यलोस्टोनमधल्या फिशिंग ब्रिज येथे फक्त कठीण भिंतींच्या वाहनांनाच प्रवेश आहे.

कठीण भिंती हव्यात पण वजन नको, तर त्रिकोणी घडीचा ए-फ्रेम. दोन-तीन माणसांना छान, चौघांना अडचण. टिअरड्रॉप जोडप्यापुरता, कुटुंबाने त्याच्या फोटोंवर भाळू नये.

फायबरग्लासचा अंड्याच्या आकाराचा कॅम्पर हा खरा मुरलेला पर्याय. १९६८ मध्ये कॅनडातील विनिपेगमध्ये ‘बोलर’ नावाने याची सुरुवात झाली. आज मिनेसोटातील बॅकस गावात बनणारा ‘स्कँप’ त्याच घराण्यातला. १३ फुटी स्कँप मिनीव्हॅनच्या आवाक्यात बसतो. दोन साच्यांतून काढलेले अर्धे भाग जोडल्यामुळे छताला सांधे कमी, म्हणून गळतीही कमी. जुना असला तरी किंमत टिकून राहते, त्यामुळे स्वस्तात मिळेल ही आशा नको. आत चौघांची जेमतेम सोय होते. पण आजी-आजोबा आत आणि बाकीचे शेजारी तंबूत ही मांडणी छान जमते, आणि मुलांना तंबूच जास्त आवडतो.

राहता राहिला बंक-बेडवाला, पूर्ण उंचीचा १७-१८ फुटी ‘अल्ट्रालाइट’. मिनीव्हॅनवाल्यांना सगळ्यात जास्त मोह याचाच होतो आणि तो टाळलेला बरा. वजन जमले तरी त्याची समोरची भिंत हवेला छाती देऊन उभी असते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ५५ मैलांवरून ६५ वर गेले की तो सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. काही मालक-पुस्तिकांत ट्रेलरच्या समोरच्या क्षेत्रफळालाही मर्यादा दिलेली असते. बाजूचा वारा सुटला की ही भिंत शिडासारखी वागते.

हिच मोठा लावला तर प्रश्न सुटतो का?

नाही. बाजारात मिनीव्हॅनसाठी क्लास-३ चे हिच मिळतात आणि त्यावर गाडीच्या क्षमतेपेक्षा मोठे आकडे छापलेले असतात. ती लोखंडाची ताकद झाली, गाडीची नव्हे. साखळीची ताकद तिच्या सगळ्यात कच्च्या कडीएवढीच.

ब्रेकचा खर्च मात्र टाळू नये. ट्रेलरच्या ब्रेकचे नियम राज्यागणिक बदलतात. अनेक राज्यांत ३,००० पाउंडांपासून ते सक्तीचे होतात, तर कॅलिफोर्नियात कॅम्प ट्रेलरला १,५०० पाउंडांपासूनच. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या वाहनाची वेगमर्यादाही ताशी ५५ मैल आहे. कायदा काहीही असो, हजार पाउंडांच्या वरचा कॅम्पर ब्रेकशिवाय घेण्यात शहाणपण नाही. इलेक्ट्रिक ब्रेकसाठी गाडीत कंट्रोलर आणि सात पिनांची जोडणी लागते. मिनीव्हॅनमध्ये ती सहसा तयार नसते, वेगळी करून घ्यावी लागते. जाता जाता एक बारीक गोष्ट : ट्रेलर जोडल्यावर मागचे दार त्याच्या जॅकला अडकते का, हे विकत घेण्याआधीच उघडून पाहावे. नाहीतर डबा काढायला दर वेळी मागच्या सीटवरून डोकवावे लागेल.

विकत घेण्याआधी काय करावे?

पहिली सहल भाड्याच्या कॅम्परने करावी. आउटडोअर्सी, आरव्हीशेअरसारख्या सेवांवर काही मालक कॅम्पर थेट कॅम्पसाइटवर आणून, उभा करून देतात. वर्षातून एकदाच, तेही आजी-आजोबा असतानाच मोठा कॅम्पर लागणार असेल, तर तेवढ्या आठवड्यापुरता तो असा मागवणे विकत घेण्यापेक्षा शहाणपणाचे. एरवी चौघांना पुरेल असा हलका कॅम्पर आपला ठेवावा.

विकत घेतलाच, तर पूर्ण भरून, सगळ्यांना गाडीत बसवून, निघायच्या दिवशी आधी ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर जावे. तिथे पुढचा अॅक्सल, मागचा अॅक्सल आणि ट्रेलरची चाके यांचे वजन वेगवेगळे मिळते. मागच्या अॅक्सलचा आकडा दाराच्या खांबावरच्या मर्यादेपुढे गेला असेल, तर व्हॅनच्या मागच्या भागातले जड खोके ट्रेलरमध्ये, त्याच्या चाकांच्या बरोबर वर हलवावेत. ट्रेलरचा आकडा जास्त आला तर पाण्याची टाकी रिकामी करावी. पाणी कॅम्पसाइटवर मिळतेच. टाकी चाकांच्या पुढे असेल तर ती रिकामी झाल्याने टंग वेटही घटते, म्हणून सामान हलवल्यावर पुन्हा एकदा काट्यावर जायचे.