चोर कोण, हे ठरवणार कोण?

'शोले'तला ठाकूर स्वतः पोलिसात होता, तरी गब्बरला पकडायला त्याने पैसे देऊन माणसं आणली आणि तीसुद्धा चोर! आपण टाळ्या वाजवल्या. ज्या अमेरिकेतून हे वेस्टर्न प्रकरण आलं, तिथे असे लोक खरंच होते. फक्त तिथे एक ठाकूर नव्हता, ठाकुरांची असोसिएशन होती.

१८८० च्या आसपासचं वायोमिंग. कुंपण नाही, सरकारी कुरणांवर सगळ्यांची गुरं एकत्र चरायची. मालक ओळखायचा तो तापल्या लोखंडाने मारलेल्या डागावरून. चोऱ्या व्हायच्या, हे मान्य. शेरीफ एक आणि मुलूख अफाट. म्हणून बड्या मालकांच्या वायोमिंग स्टॉक ग्रोअर्स असोसिएशनने स्वतःचे डिटेक्टिव्ह नेमले. इथपर्यंत मला काही चूक दिसत नाही. आपणही वॉचमन ठेवतोच की.

गडबड झाली १८८४ च्या मॅव्हरिक कायद्याने. मॅव्हरिक म्हणजे डाग नसलेलं, बेवारस वासरू. (बंडखोर पोरांना आपण मॅव्हरिक म्हणतो, त्याचं मूळ हे!) अशा वासरांचा लिलाव असोसिएशनने करायचा आणि तो पैसा तिच्याच इन्स्पेक्टर वगैरेंच्या पगाराला. म्हणजे काल जो काउबॉय असं वासरू धरून आपला डाग मारायचा तो हुशार, आज तोच चोर. आणि त्याला चोर म्हणणाऱ्याचा पगार त्याच वासरांतून! कंट्रोल सिस्टीम्सवाल्यांना हा फीडबॅक लूप वेगळा समजावून सांगायला नको.

व्हायचं तेच झालं. १८८९ मध्ये एला वॉटसन या बाईला गुरं चोरल्याच्या आरोपावरून बड्या मालकांनी झाडाला लटकवलं. शिक्षा कोणालाच नाही. एप्रिल १८९२ मध्ये तर सुमारे पन्नास बंदूकवाले, त्यातले बरेच टेक्सासहून भाड्याने आणलेले, मारायच्या माणसांची यादी घेऊन जॉन्सन काउंटीत घुसले. नेट चॅम्पियनला कुठल्या कोर्टाने चोर ठरवलं नव्हतं. त्याचं केबिन पेटवलं आणि तो बाहेर पळाला तेव्हा गोळ्या घातल्या. आत अडकलेला असताना तो डायरी लिहीत होता, हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं.

मग गावकऱ्यांनीच या टोळीला घेरलं, तर त्यांना वाचवायला राष्ट्राध्यक्षांनी घोडदळ पाठवलं! खटला १८९३ च्या जानेवारीत निघून गेला.

त्या टोळीत फ्रँक कॅन्टन होता. आधी तिथलाच शेरीफ, मग असोसिएशनचा डिटेक्टिव्ह. खरं नाव जो हॉर्नर, टेक्सासात बँक लुटून तुरुंगातून पळालेला. जय-वीरूने निदान नाव तरी बदललं नव्हतं.