आई आणि आईसाहेब

तिरुवैयारुला मराठी माणूस जातो तो बहुधा पौष वद्य पंचमीच्या सुमारास, त्यागराजांच्या आराधनेला. कावेरीकाठची समाधी, पंचरत्न कृतींचे सामूहिक गायन, आणि परतीची गाडी. ऐयारप्पराच्या देवळात तो डोकावतो, पण मुख्य गाभाऱ्याच्या उत्तरेला आणि दक्षिणेला असलेल्या दोन स्वतंत्र देवालयांपाशी थांबणारे थोडे. एक उत्तर कैलास, दुसरे दक्षिण कैलास. उत्तरेकडचे राजराज चोळाची पट्टराणी लोकमहादेवी हिने बांधवले आणि शिलालेखांत ते तिच्याच नावाने ओळखले जाते. दक्षिणेकडचे देवालय राजेंद्र चोळाची राणी पंचवन महादेवी हिच्या नावाशी जोडलेले आहे. आता राजराजानंतर गादीवर आलेल्या राजेंद्राची आई कोण, असे विचारले तर उत्तर येते वानवन महादेवी. लोकमहादेवी ही त्याची सावत्र आई. हजार वर्षे दगडात टिकलेले नाव थोरल्या राणीचे आहे, राजाला जन्म देणारीचे नाही. याच राजेंद्राने कुंभकोणमजवळ पळैयारैला एका राणीच्या स्मरणार्थ देऊळ उभारले. तिचेही नाव पंचवन महादेवी, आणि तीही त्याची सावत्र आईच.

राजमाता हा शब्द आपण नात्याचा समजतो. राजाची आई ती राजमाता, यात समजण्यासारखे आहे काय, असे वाटते. माझे म्हणणे असे की हे नाते नसून पद आहे. त्या पदाचा पाया पोटच्या मुलात शोधला तर सापडत नाही. तो राणीच्या स्वतःच्या उत्पन्नात, तिच्या नावाच्या सनदेत आणि शिक्क्यात सापडतो. चोळांचीच सेंबियन महादेवी पाहा. नवरा गंडरादित्य वारला तेव्हा मुलगा लहान होता, म्हणून गादी दिराकडे गेली. मुलगा उत्तम चोळ राजा झाला तो बऱ्याच वर्षांनी, आणि त्याच्यामागून गादी पुन्हा दुसऱ्या शाखेकडे, राजराजाकडे वळली. या सगळ्या उलथापालथीत बाईंची दाने मात्र सुमारे साठ वर्षे चालू राहिली. विटांची जुनी देवळे त्यांनी दगडात बांधून काढली. मुलगा राजा नव्हता तेव्हाही, होता तेव्हाही आणि गेल्यानंतरही. मान मुलावर अवलंबून असता तर शिलालेखांत त्याची भरती-ओहोटी दिसली असती. उलट उदाहरण राजराजाच्या स्वतःच्या आईचे. ती नवऱ्यामागे सती गेली. चक्रवर्ती राजाची आई असूनही राजमाता म्हणून एक दिवस तिच्या वाट्याला आला नाही.

तंजावरला मराठे आले, आणि इथे भाषेनेच एक गंमत करून ठेवली. राण्यांच्या नावांना ‘अंबा’ जोडण्याचा तिथला रिवाज. यमुनाची यमुनांबा, मुक्ताची मुक्तांबा, द्रौपदीची द्रौपदांबा, त्यावर तमिळ लोकांनी आपला आदरार्थी प्रत्यय लावला की यमुनांबाळ, मुक्तांबाळ. अंबा म्हणजे आई. मूल असो नसो, मुलगा गादीवर बसो न बसो, बाई आईच. यात सर्वांत बोलके नाव मुक्तांबेचे. ती दुसऱ्या सरफोजीची लग्नाची राणी नव्हती आणि कुठल्या राजाची आईही नव्हती. तरी ओरत्तनाडूचे १८०२ सालचे प्रशस्त छत्र तिच्या नावाचे आहे. त्याउलट प्रतापसिंहाची आई अन्नपूर्णा. तिचे लग्न तलवारीशी लावलेले, म्हणजे दर्जाने खालचे, असे इतिहासकार सांगतात. तिचा मुलगा १७३९ पासून चोवीस वर्षे तंजावरवर राज्य करून गेला, पण ‘राजाची आई’ म्हणून तिच्या नावाचा दबदबा कुठे नोंदलेला दिसत नाही. आणि तुकाबाई मोहिते, जिच्या व्यंकोजीने हे राज्य उभे केले, ती तर महाराष्ट्राला केवळ जिजाऊंची सवत म्हणून ठाऊक आहे, तीही शाळेच्या पुस्तकातल्या एका ओळीपुरती.

यावर पहिला आक्षेप जिजाऊंचाच येणार, आणि तो यायलाच हवा. आई म्हणून त्यांचे जे मोठेपण, ते नात्याचे नव्हे तर कशाचे? पण तारखा पाहा. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी झाला, आणि जिजाऊ १७ जूनला पाचाडला वारल्या. काटेकोर अर्थाने छत्रपतींची आई म्हणून त्यांना अकरा दिवस मिळाले. त्यांचा अधिकार त्याआधीच्या तीन-चार दशकांत घडला होता, पुण्याच्या जहागिरीचा कारभार पाहताना, तंटे ऐकून निवाडे देताना, आणि १६६६ मध्ये महाराज आग्र्यात अडकले असताना राज्य सांभाळताना. पदवी शेवटी आली, तीही बहुतांशी आपण, नंतरच्या लोकांनी दिली.

नात्यावरच सगळे ठरले असते, तर ताराबाईंचे आयुष्य इतके वेडेवाकडे गेले नसते. १७०० मध्ये राजाराम महाराज वारल्यावर मुलाला गादीवर बसवून त्यांनी औरंगजेबाशी लढा चालवला. चौदा वर्षांनी पन्हाळ्यावर सवतीने, राजसबाईने, आपला मुलगा पुढे केला आणि ताराबाई मुलासह कैदेत गेल्या. मुलाच्या आधारावर उभी असलेली राजमाता मुलाबरोबरच पडते, एवढे यातून दिसते. खरी मौज पुढे आहे. शाहू महाराजांच्या मृत्यूनंतर ताराबाईंनी रामराजाला आपला नातू म्हणून पुढे आणले आणि तो छत्रपती झाला. तो ऐकेनासा झाल्यावर १७५० मध्ये त्यांनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यावर कोंडले, आणि १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबासमोर शपथ घेऊन सांगितले की हा माझा नातू नव्हेच. तंजावरातही हेच झाले. तुळजाजीने १७८७ मध्ये मृत्युशय्येवर सरफोजीला दत्तक घेतले. कंपनीने पंडितांना विचारले तेव्हा हे दत्तक अशास्त्र ठरले आणि अमरसिंह गादीवर बसला. काही वर्षांनी पुन्हा विचारले तेव्हा तेच दत्तक सशास्त्र ठरले आणि १७९८ मध्ये सरफोजी राजा झाला. शपथेने आणि शास्त्रार्थाने नाती जुळत आणि तुटत असतील, तर त्या नात्यांवर पदाचा पाया कसा रचायचा?

जगात जिथे हे पद टिकले, तिथे ते नात्यापासून सोडवून घेतलेले दिसते. आफ्रिकेतल्या असांटे लोकांत राणीमाता ही राजाची आई असलीच पाहिजे असे नाही, बहीण किंवा मावशीही चालते. नव्या राजाचे नाव सुचवण्याचा अधिकार मात्र तिचा. एस्वातिनीत राजाची आई वारली तरी तिच्या जागी दुसरी स्त्री नेमतात, कारण जागा रिकामी ठेवता येत नाही. इंग्लंडमध्ये मात्र २००२ मध्ये वारलेल्या एलिझाबेथ राजमातेकडे मान होता, लोकांचे प्रेम होते, अधिकार कसलाच नव्हता. आपल्या वर्तमानपत्रांनी राजमाता शब्द या इंग्रजी अर्थाने वापरायला सुरुवात केली आणि १९७१ च्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता गेल्यावरही सोडला नाही, हे जाता जाता.

मराठ्यांनी या प्रश्नाला दिलेले सर्वांत शहाणे उत्तर होळकरांच्या खासगीत आहे. १७३४ मध्ये पेशव्यांनी मल्हाररावांची पत्नी गौतमाबाई हिच्या नावे स्वतंत्र जहागीर दिली. दौलत वेगळी, खासगी वेगळी. खासगी राणीकडून राणीकडे जायची. अहिल्याबाईंचा मुलगा मालेराव १७६७ मध्ये वारला, म्हणजे ‘राजाची आई’ हे नाते तिथेच संपले. काशीपासून रामेश्वरापर्यंतचे घाट, देवळे आणि अन्नछत्रे त्यानंतर बहुतांशी या खासगीच्या पैशातून झाली. शेजारी ग्वाल्हेरला बायजाबाईंचे काय झाले? दौलतराव शिंद्यांमागे त्यांनी १८२७ मध्ये जनकोजीला मांडीवर घेतले, आणि सहा वर्षांत त्याच दत्तक मुलाने त्यांना ग्वाल्हेरबाहेर काढले. बायजाबाईंकडे पैसा थोडा नव्हता, सावकारीत त्या भल्याभल्यांना भारी होत्या. पण राज्यावरचा त्यांचा हक्क त्या मुलाच्या नावाने चाललेला होता.

दुसरा आक्षेप जास्त अडचणीचा आहे. तंजावरची छत्रे राण्यांच्या नावाची खरी, पण बांधली राजांनी. नीडामंगलमचे यमुनांबेचे छत्र प्रतापसिंहाचे, ओरत्तनाडूचे सरफोजीचे. पैसा राजाचा, पाटी राणीची, मग यात राणीचा अधिकार कुठला? हा आक्षेप बराचसा मला मान्य आहे. लोकमहादेवी किंवा अहिल्याबाई स्वतः देत होत्या. मुक्तांबेच्या नावाने दिले गेले, आणि हा फरक पुसता येणार नाही. मात्र पाटीचाही काही उपयोग असतो. १७९९ च्या तहाने सरफोजीने राज्यकारभार कंपनीच्या हवाली केला, त्याच्याकडे किल्ला आणि आसपासचा भाग उरला. पण १८०१ मध्ये त्याने रेसिडेंट टोरिन याला लिहून छत्रांची बाजू मांडली: इथे यात्रेकरूंना जातपात न पाहता जेवण मिळते, आजाऱ्यांना औषध मिळते, बाळंतिणींची सोय होते, हे मोडू नका. छत्रे वाचली. पुढे त्यांच्या उत्पन्नावर शाळा चालल्या. तिरुवैयारुचे संस्कृत विद्यालयही त्याच निधीवर चालले. सरफोजीचे राज्य गेले आणि मुक्तांबेच्या छत्रात पंगती उठत राहिल्या. ज्या उत्पन्नाला स्वतंत्र नाव होते, तेवढे राज्याबरोबर बुडाले नाही.

ज्याला असे नाव नव्हते त्याचे काय झाले, हे १८५५ नंतर कळले. सरफोजीचा मुलगा शिवाजी २९ ऑक्टोबर १८५५ रोजी मुलाविना वारला. मागे डझनाहून अधिक विधवा राण्या उरल्या, राजमाता होण्याची आशा त्यांतल्या एकीलाही नव्हती. कंपनीने राज्य खालसा केलेच, शिवाय १८ ऑक्टोबर १८५६ रोजी कमिशनर फोर्ब्स याने शिपाई घेऊन वाड्यातली खाजगी मालमत्ताही जप्त केली. थोरली राणी कामाक्षीबाई मद्रासच्या सुप्रीम कोर्टात गेली. तिने मागितले ते राज्य नव्हे, नवऱ्याची खाजगी चीजवस्तू, कोणत्याही हिंदू विधवेने मागावी तशी. मद्रासला ती जिंकली. १८५९ मध्ये लंडनला प्रिव्ही कौन्सिलने निकाल फिरवला: हे सरकारचे राज्यकृत्य आहे, ते न्याय्य होते की अन्याय्य हे पाहण्याचा अधिकार न्यायालयाला नाही. पुढे कायद्याच्या पुस्तकांत कामाक्षीबाईचे नाव राहिले ते या हरलेल्या खटल्यामुळे. राजाची दौलत कोणती आणि घराची खाजगी कोणती, हे कंपनीने वाड्यात शिरताना पाहिले नाही. इंदुरासारखी वेगळी सनद तंजावरच्या राण्यांकडे नव्हती.

१८६२ मध्ये सरकारने ही मालमत्ता राण्यांना परत केली, पण हक्क म्हणून नाही, मेहेरबानी म्हणून. व्यवस्था थोरल्या राणीने पाहावी, बाकीच्यांनी उपभोग घ्यावा, असे ठरले. थोरलीचा अधिकार कुठवर, हा वाद १८६८ मध्ये मद्रास हायकोर्टात गेला. त्या खटल्यात एका बाजूला जिजाईअंबा होती आणि दुसऱ्या बाजूला तीच कामाक्षीबाई. सवतींच्या या भांडणाला हसणे सोपे आहे. पण मुलगा नाही, राज्य नाही, सनद नाही, अशा वेळी ‘थोरली’ या एका शब्दाखेरीज तिच्या हाती उरले होते काय? शेवटची विधवा राणी १९१२ मध्ये वारली, आणि मालमत्ता कोणाची हा प्रश्न पुन्हा मद्रासच्या हायकोर्टापुढे आला. या वेळी दावेदारांत कोल्हापूरचे महाराजही होते, आणि भांडण पुन्हा तिथेच होते: कोण कोणाचा मुलगा, आणि कोण कोणाची आई.