फटका शिकवणारा कोण?

मुलीला सॉफ्टबॉलच्या सरावाला पाठवायचं ठरलं की घरात विचारतात, ‘सर कडक आहेत ना? ओळखीचे आहेत ना?’ माझी भाची आठवीत आहे, इथे सोलापुरातच खेळते. तिच्यासाठी फलंदाजीचा प्रशिक्षक शोधताना मी हेच दोन प्रश्न ऐकले. सर शिकवतात कसं, हे कुणी विचारत नाही. मुलीला विचारणं तर दूरच.

मैत्रिणींनो, आधी खेळ समजून घेऊ. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू हात खालून फिरवून टाकतात. मोठ्या मुलींच्या सामन्यात तो ४३ फुटांवरून येतो; वेगवान चेंडू जेमतेम अर्ध्या सेकंदात पोचतो. फटक्याचं बळ नुसत्या दंडातून येत नाही, ते पायांतून, कमरेतून येतं. क्रिकेटची सरळ बॅट इथे पुरत नाही. म्हणून ‘क्रिकेटचे सर आहेतच, तेच हेही घेतील’ एवढ्यावर भागत नाही. न पेलणारी बॅट मुलीच्या हाती दिली, तर चूक बॅट निवडणाऱ्याची असते. बोलणी मात्र मुलगी खाते.

कंबर कशी वळवायची हे करून दाखवता येतं, शब्दांत सांगता येतं. हात लावावाच लागला तर आधी विचारावं, तोही सगळ्यांसमोर. ‘मी तिला वडिलांसारखा’ म्हणणाऱ्यालाही यातून सूट नाही. वडिलांच्या सत्तेला घरात प्रश्न विचारायचे आणि मैदानावर तीच सत्ता निमूट मानायची, हे कसं चालेल?

गैर काही घडलं तर आपल्याकडे मुलीचा खेळ बंद होतो. सर मैदानावर राहतात, मुलगी घरी बसते. हे ठाऊक असल्यानंच मुली गप्प राहतात. हरियाणातल्या रुचिका गिरहोत्रानं १९९० मध्ये टेनिस संघटनेच्या अध्यक्षाविरुद्ध तक्रार केली. तो पोलीस अधिकारी होता. तिला शाळेतून काढलं गेलं, १९९३ मध्ये तिनं आत्महत्या केली; तो दोषी ठरला २००९ मध्ये. २०२३ मध्ये नावाजलेल्या महिला कुस्तीगीरांनाही दाद मागायला दिल्लीच्या रस्त्यावर बसावं लागलं.

कायदे आज आहेत. अठरा वर्षांखालच्या मुलींसाठी २०१२ चा पॉक्सो आहे. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात क्रीडासंस्था आणि स्टेडियमही येतात. पण तक्रारीनंतर मुलीच्या हातात बॅट राहील, याची हमी कायदा देत नाही. ती आपणच द्यायची आहे. प्रशिक्षक ठरवतानाच मुलीला सांगावं, ‘काही खटकलं तर सर बदलू, तुझा खेळ बंद करणार नाही.’

सराव उघड्यावर असावा, आईला कधीही येऊन बसता यावं, ‘असंच का?’ या मुलीच्या प्रश्नाला उत्तर मिळावं. हे ज्याला चालत नाही, त्याच्याकडे कितीही पदकं असोत, तो नको. दिवसभर विड्या वळून कारखान्यात देऊन येणाऱ्या आईला मैदानावर बसायला सवड कुठली? तिथे आपल्या गटांनी पाळी लावून बसावं. आणि लग्नानंतर खेळ सुटलेल्या आपल्या जुन्या खेळाडूंना शोधून विचारावं, ‘शिकवायला येतेस का?’