दराचा तक्ता नीट आखा, मगच हिशेब मागा



'कांद्याला भाव काय?' या प्रश्नाला उत्तर नसते. कोणत्या बाजारात, कोणत्या दिवशी, लाल की उन्हाळी, हे सांगितल्याशिवाय भाव म्हणजे नुसता आकडा. भाव एकट्या पिकाचा नसतो, एकट्या बाजाराचाही नसतो. माल, बाजार आणि दिवस एकत्र आले की भाव जन्माला येतो.

तालुक्यातालुक्यात आपले कार्यकर्ते संगणकावर दर टिपू लागले आहेत, ही चांगली गोष्ट आहे. पण बहुतेकांचा तक्ता असा असतो: डावीकडे पिके, वरच्या ओळीत लासलगाव, येवला, सोलापूर, आणि मधल्या चौकोनात आजचा दर. नवा बाजार आला की सगळा तक्ता मोडायचा. उद्याचा दर आला की आजचा पुसायचा. पुसलेल्या दरावर भांडता येत नाही. ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली आणि ४ मे २०२४ रोजी ती उठवली. या पाच महिन्यांत कोणत्या बाजारात किती मार बसला, हे ज्याच्याकडे रोजची ओळ आहे तोच सांगू शकेल.

म्हणून एकाऐवजी तीन वह्या करा. पहिली मालाची: पीक, जात, प्रत. दुसरी बाजारांची: प्रत्येक बाजाराला एक क्रमांक, जिल्हा, आणि तो उपबाजार असेल तर मुख्य बाजार कोणता. विंचूर हा लासलगावचा उपबाजार, सायखेडा पिंपळगाव बसवंतचा. एकाने 'पिंपळगाव' लिहिले आणि दुसऱ्याने 'पिंपळगाव (ब)', तर संगणक दोन बाजार मोजतो. क्रमांक लिहिला की हा घोळ मिटतो.

तिसरी वही दरांची. तिच्यात एका ओळीत एका दिवसाचा, एका बाजारातला, एका प्रतीचा दर: परिमाण, आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण. राज्य पणन मंडळही रोज हेच रकाने प्रसिद्ध करते, त्यामुळे ताडून पाहणे सोपे. या वहीतली जुनी ओळ कधीही पुसायची नाही, खाली नवी लिहायची. बाजार बंद असेल तर 'बंद' अशी नोंद करा. शून्य लिहिले तर सरासरी बुडते.

आवकेचा रकाना टाळू नका. समजा, एका बाजारात १०० क्विंटल कांदा २,००० रुपयांनी गेला आणि दुसऱ्यात १०,००० क्विंटल १,२०० रुपयांनी. दोन्ही दरांची साधी सरासरी १,६०० येते. पण आवकेच्या हिशेबाने शेतकऱ्याला मिळाले क्विंटलला सुमारे १,२०८ रुपये. मधले ३९२ रुपये कोणाच्याच खिशात गेलेले नाहीत, ते फक्त कागदावर आहेत. आणि त्याच कागदावर बोट ठेवून 'भाव तर बरा होता' असे आपल्याला ऐकवले जाते.

सोयाबीनसाठी ओलाव्याचा रकाना हवाच. २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ रुपये होता, पण तो १२ टक्के ओलाव्याच्या मालाला. ओरड झाल्यावर त्या हंगामापुरती १५ टक्क्यांपर्यंत सूट मिळाली. ओलावा न लिहिता 'हमीभावापेक्षा कमीने घेतला' असे म्हटले, तर खरेदीदार 'माल ओला होता' म्हणून सुटतो.

वाहतूक, हमाली आणि तोलाई मात्र दरात मिसळू नका. गाडीभाडे गाव आणि बाजार अशा जोडीवर ठरते. त्याची चौथी वही वेगळी ठेवा. लिलावातला दर सगळ्यांना सारखा दिसतो, हातात पडणारा पैसा गावागणिक बदलतो. तीस किलोमीटरवरच्या बाजारात जावे की सत्तर किलोमीटरवरच्या, हा निर्णय या दोन वह्या शेजारी ठेवल्यावरच घेता येतो.

सरकारी संकेतस्थळावर दर असताना हा उद्योग कशाला, असे कोणी विचारील. तिथे गाडीभाडे नाही, ओलावा नाही, आणि आपल्या हातातली पट्टीही नाही. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने किमान एका पिकाची महिन्याची वही आणि तिच्यासोबत विक्रीच्या पट्ट्या आणाव्यात. मागणी त्यानंतर लिहू.